मूठभर धान्याची शाळा

मेळावा समितीने माझ्याकडे दिलेलं काम सोपं वाटलं होतं. शाळेच्या दर्शनी भागात एक फलक लावायचा आहे, त्यावर सुरुवातीपासूनच्या देणगीदारांची नावं कोरायची आहेत, तर ती यादी मी दप्तरातून काढून द्यावी. इतिहासाचा मास्तर निवृत्त होऊन मोकळाच बसला आहे, असं समितीचं एकमत झालं असावं. ते अगदीच चूक नव्हतं. तीन दिवस मी ऑफिसातल्या मागच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. जुनी पावतीपुस्तकं, किर्द, शेरेबुक आणि जनरल रजिस्टर, सगळं हातात आलं. काही पानांना वाळवी लागली आहे, काही शाई फुटली आहे, पण वाचता येतं.

यादी झाली. ज्यांनी माळावरची जागा दिली त्यांचं घराणं, ज्यांनी आढ्यासाठी सागाचं लाकूड दिलं ते, आणि मुंबईला गिरणीत असलेली आपल्या गावची मंडळी. त्यांनी गिरणगावातल्या गाळ्यांतून वर्गणी गोळा करून मनीऑर्डरी पाठवल्या होत्या. ही नावं सहज मिळाली. पण किर्दीत जमेच्या बाजूला एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती आणि तिच्यापुढे कुणाचंच नाव नव्हतं. नोंद एवढीच : 'मुष्टिफंडाच्या धान्याची विक्री'. ज्वारीच्या सुगीनंतर रक्कम थोडी मोठी, पावसाळ्यात अगदी किरकोळ. पण वर्षानुवर्षं खंड नाही.

ही ओळ काय आहे हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. १९९० नंतर शाळेतून बाहेर पडलेल्यांना मात्र सांगायला हवं. म्हणून यादीबरोबर हा लेखही देतो आहे.

दळायला किंवा रांधायला घेताना घरातल्या बाईने धान्यातली एक मूठ बाजूला काढून वेगळ्या गाडग्यात टाकायची. ज्वारी असेल तर ज्वारी, कोयनाकाठच्या घरांत भात असेल तर तांदूळ. आठवड्याने शाळेची पोरं पोतं घेऊन दारोदार फिरत आणि गाडगं त्यात रितं केलं जाई. काही धान्य बोर्डिंगातल्या मुलांच्या भाकरीला जाई, उरलेलं बाजारात विकून पैसे शाळेच्या खात्यात. पावती नाही, नाव नाही. पोतं उचलणाऱ्या पोरांत मीही होतो. शिवणीतून दाणे सांडू नयेत म्हणून आम्ही ते खांद्यावर सरळ न घेता दोघांत धरून न्यायचो आणि वाटेत कुणाच्या गाडग्यातली ज्वारी किडकी निघाली यावर चर्चा करायचो. मोठ्या वाड्यातली ज्वारी बहुधा किडकी असे, ही नोंद किर्दीत नाही, ती माझी.

ही कल्पना आपल्या गावची नव्हे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी आपल्यापासून काही कोसांवर, कराडजवळच्या काले गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत दरवर्षी कर्मवीर जयंतीला ऐकत आलो. दर २२ सप्टेंबरला निघणारी प्रभातफेरी आणि घोषणा देऊन बसलेले घसे आठवत नाहीत असा आपल्यात कुणी नसेल.

पण भाषणांत एक गोष्ट राहून जाई. भाऊरावांनी धान्य का मागितलं? मला कळलं ते असं. आपल्या भागातल्या शेतकऱ्याकडे रोकड वर्षातून एकदा यायची, आणि ती आली की सावकार, लग्नकार्य आणि शेतसारा यांतच संपायची. रुपया मागितला असता तर शाळा देणाऱ्यांची यादी गावात पाच-सहा घरांवर थांबली असती. धान्य मात्र प्रत्येक घरात, निदान सुगीनंतर, असे. आणखी एक, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं : घरातला रुपया पुरुषाच्या कनवटीला असे, पण दळणातली मूठ बाईच्या हातात होती. शाळेला द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. सासूची लागत असेल कदाचित.

शिक्षणासाठी रयतेकडून पैसा गोळा करण्याची रीत मात्र याच्याही आधीची आहे. इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल करायला सुरुवात केली. त्यातला एकतृतीयांश वाटा शाळांसाठी राखलेला असे. म्हणजे आपले खापरपणजोबा शाळेसाठी पैसे भरत होते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी शाळा पाहिली नव्हती, आणि त्यांच्या मुलांनीही नाही. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमक्या याच जागेवर बोट ठेवलं : पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यांची मागणी होती. सत्यशोधकांच्या परिषदेत जन्मलेल्या संस्थेने पुढे मूठ गोळा केली, तिच्यामागे हा हिशेब होता. आण्याचा पैसा दूर कचेरीत जाई आणि परत येताना दिसत नसे. मुठीचं पोतं आपल्याच गल्लीतून आपल्याच शाळेत जाताना प्रत्येकीला दिसे.

१९३८ मध्ये साताऱ्याजवळ यवतेश्वरला संस्थेची पहिली व्हॉलंटरी शाळा निघाली, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत डोंगराळ वाड्यावस्त्यांवर अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या. एक शिक्षक, देऊळ किंवा चावडी, आणि सरकारचं तुटपुंजं अनुदान. जागा, दिवाबत्ती आणि मास्तरांचं जेवण गावाने पाहायचं. या शाळा पुढे जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या. आपल्या वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना देवळात भरणारी शाळा आठवते. मास्तर आज कुणाच्या घरी जेवणार हे पाटीवर नाही, पण पोरांच्या तोंडी असे.

आपलं हायस्कूल आलं ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत, आणि तेही अर्धं तट्ट्याचं. १९५९ पासून ई.बी.सी.ची फीमाफी मिळू लागली, उत्पन्नाचा दाखला आणला की फी माफ, त्यामुळे पोरं वाढली. जागा अपुरी पडू लागली. मग श्रमदानाने दगडमातीच्या पाच खोल्या उठल्या. त्या पाचही खोल्या ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे गेल्या.

सोमवार होता. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले असतील. मी तिसरीत होतो. आधी जमिनीखालून मोठी मालगाडी जावी तसा आवाज आला, मग उतरंड कोसळली. आईने मला उचलून अंगणात फेकलंच म्हणायचं. कोयनानगर भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. आपल्या गावात जीव वाचले पण भिंती राहिल्या नाहीत. शाळेचं छप्पर खाली बसलं होतं आणि फळा मात्र आख्खा उभा होता, हे पाहायला सगळा गाव गेला होता. त्या फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच होता. काय होता ते कुणालाच आठवत नाही. मी अनेकांना विचारलं.

शाळा पंधरा दिवसांत चिंचेखाली भरली. याचं श्रेय आपण नेहमी त्या वेळच्या हेडसरांना देतो आणि ते योग्यच आहे. स्वतःचं भाड्याचं घर पडलेलं असताना ते शाळेच्या ढिगाऱ्यातून जनरल रजिस्टर शोधत होते. परवा मी चाळलं ते हेच रजिस्टर. त्याच्या कोपऱ्यांत अजून माती आहे. बांधकाम दीड वर्ष चाललं. गवंडी गावचे, दगड ओढ्याचा, वाळू नदीची. पाणी आणि माती वाहिली बायांनी, स्वतःच्या घराच्या भिंती आधी की शाळेच्या, या भांडणासह. आणि या सगळ्या काळात मुष्टिफंडाची ओळ किर्दीत चालू आहे. घरं पडलेल्या गावाने मूठ थांबवली नव्हती. मी ती पानं दोनदा पाहिली.

याच पोत्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्या काळी गावात पाणवठे वेगळे होते आणि ते का वेगळे होते हे सर्वांना माहीत आहे. राजवाड्यातून आलेली मूठ मात्र त्याच पोत्यात पडे. पोत्यात गेल्यावर दाणा कुठल्या घरचा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एका घरातून याबद्दल तक्रार आली होती. हेडसरांनी त्या घरची मूठ घेणंच बंद केलं. महिनाभराने त्या घरच्या म्हातारीने स्वतः गाडगं आणून शाळेच्या पायरीवर ठेवलं.

नव्या खोल्या झाल्या आणि शाळेला बहर आला. माझी वर्षं तीच, १९६९ ते १९७५. नव्या दहावीची पहिली तुकडी आमची. वर्गातल्या तासांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, पण शाळा सुटल्यावरची शाळा अजून डोळ्यांपुढे आहे. स्नेहसंमेलनाला गॅसबत्त्या कराडहून भाड्याने येत आणि त्यांचं भाडं तालीम मंडळ देई. लेझीमचा ताल पक्का करायला गावचे हलगीवाले येत. गावच्या वाचनालयाने शाळेला एक कपाट पुस्तकं कायमची वापरायला दिली होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला आम्ही सात जण बैलगाडीने आणि मग एस.टी.ने कराडच्या केंद्रावर गेलो; रंगाच्या पेट्या दोनच होत्या, त्यामुळे माझ्या स्थिरचित्रातली वांगी निळी झाली. सी ग्रेड मिळाली. आणि रात्रीची अभ्यासिका. दहावीची मुलं दिवाळीनंतर शाळेतच झोपायला जात. कंदील घरून, रॉकेल गावाने दिलेलं. आठ वाजता प्रत्येकाच्या घरून भाकरीची फडकी येत, सर फडकी सोडून पाहत आणि ज्याच्या फडक्यात नुसती चटणी असेल त्याच्यासमोर आपली आमटी सरकवत. पहाटे चारला सर काठी आपटत व्हरांड्यातून फिरत. गावातल्या दोन पिढ्या एस.एस.सी. झाल्या त्या या अभ्यासिकेमुळे, असं मी आजवर बेधडक सांगत आलो. माझ्या नोकरीच्या शाळेतही मी अशी अभ्यासिका चालवली.

जनरल रजिस्टर चाळताना मी हे वाक्य मनातून मागे घेतलं. दोन पिढ्या नव्हे. दोन पिढ्यांतले मुलगे. गॅसबत्ती, अभ्यासिका, कराडचं केंद्र, लेझीम, सगळं दिवस मावळल्यावर किंवा गावाबाहेर. मुलींच्या वाट्याला शाळा आली ती अकरा ते पाच. तीही सगळ्यांच्या नाही. आठवीत नाव आहे आणि दहावीत नाही, अशा मुलींच्या नोंदी मी मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात एकच शब्द वरून खाली उतरत गेलेला : घरकाम.

त्यातली एक नोंद माझ्या आक्काची आहे. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. भूकंप झाला तेव्हा ती आठवीत होती आणि वर्गात पहिल्या तिनात होती. हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं, शेरेबुकातल्या एका तपासणीच्या शेऱ्यात सापडलं. घर पडलं, आई-वडील दिवसभर मातीत, धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नाही. जानेवारी १९६८ मध्ये तिचं नाव कमी झालं. वडिलांना मी दोष देणार नाही. त्या रकान्यात त्या महिन्यात एकटीचंच नाव नाही.

घरी आल्यावर मी तिला फोन केला. तिला काही आठवतं का म्हणून मुष्टिफंडाचं विचारलं. ती हसायला लागली.

"आरं, त्यात काय इचारतोस? आई पहाटेची रानात जायची. दळण माझ्याकडं. जात्यावर बसायच्या आदी मूठ काढायची, मग पहिला घास जात्यात. तू लई हट्ट करायचास, मी टाकतो मी टाकतो म्हणून. तुला टाकू द्यायची न्हाय मी."

"का गं?"

"तुझी मूठ बारीक हुती. शाळंला कमी गेलं असतं."

१९७२ साली तिचं लग्न झालं. म्हणजे शाळेतून नाव कमी झाल्यावर सव्वाचार वर्षं आमच्या घरची मूठ ती टाकत होती, आणि त्यातली तीन वर्षं ते पोतं न्यायला दारात मी उभा असे.

१९७२ च्या दुष्काळातच मुष्टिफंड आटला. तो बंद करण्याचा ठराव कुठेही नाही. गावच रोजगाराच्या कामावर खडी फोडत होतं, शाळेत सुकडी वाटली जात होती आणि घरात तांबडा मिलो शिजत होता. गाडग्यात टाकायला धान्यच नव्हतं. पाऊस झाल्यावर किर्दीत ती ओळ दोन-तीनदा डोकावते आणि मग दिसत नाही. तोवर पाटाचं पाणी आणि ऊस आला होता. साखर कारखान्याच्या बिलातून टनामागे काही पैसे शिक्षणासाठी कापण्याची पद्धत आपल्या सगळ्याच भागात रूढ झाली. मुठीपेक्षा ती रक्कम कितीतरी मोठी, आपल्या शाळेची स्लॅबची इमारत त्याच काळातली. पण ऊसबिल सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं, आणि म्हणून देणगीदारही तोच. बायका या हिशेबातून बाहेर पडल्या आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

नंतरचं सर्वांना ठाऊक आहे. १९९५ पासून धान्याची दिशाच उलटी झाली. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या प्राथमिकच्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळू लागला, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो शिजवून, खिचडी म्हणून, शाळेतच. शिजवणाऱ्या अर्थात बायाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असं घातलं. आपल्या प्राथमिक शाळेच्या समितीत आज सात स्त्रिया आहेत. त्यांतल्या दोघी बोलतात, असं मला सांगण्यात आलं. सुरुवात म्हणून ठीक आहे.

यादी मी समितीला दिली. पहिल्या क्रमांकावर 'मुष्टिफंड : गावातील सर्व घरांतील स्त्रिया व मुली' असं लिहिलं. बैठकीत त्यावर तासभर चर्चा झाली. एकाचं म्हणणं, नाव नाही तर कोरायचं काय. दुसऱ्याचं म्हणणं, ज्यांनी लाखाच्या वर दिले त्यांच्यावर ही ओळ आली तर त्यांना काय वाटेल. लाखाच्या वर दिलेल्यांतले एक समोरच बसले होते. ते म्हणाले, माझी आई त्यात आहे, लिहा. तेवढ्यावर ते मिटलं. अक्षरांचा आकार अजून ठरायचा आहे.

गेल्या आठवड्यात मी आक्काला शाळा दाखवायला आणलं. भूकंपानंतरच्या इमारतीत ती कधी आत आलीच नव्हती. बाहेरून पाणी मात्र वाहून दिलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, प्रयोगशाळा दाखवली. रजिस्टरातलं तिचं नाव मी काढून दाखवलं. चष्मा लावून तिने ते वाचलं, रकान्यातला शब्दही वाचला आणि पान मिटवलं. मग बाईंना विचारलं,

"रातच्या अभ्यासाला आता पोरी थांबत्यात का हो?"

बाई म्हणाल्या, अभ्यासिका आहे, दिवे आहेत, दोन शिक्षिका थांबायलाही तयार आहेत. पण वाड्यांकडे जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. त्यामुळे वरच्या चार वाड्यांतल्या दहावीच्या मुली थांबू शकत नाहीत.

किती मुली, ते आक्काने विचारलं. अकरा, असं बाईंनी सांगितलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री साडेआठला वाड्यांवर सोडायला एक जीपगाडी लावायची तर महिन्याला काय पडेल, हे मी गाडीवाल्याला विचारून ठेवलं आहे. फलकाचा खर्च भागून समितीच्या खात्यात किती उरतात ते खजिनदारांनी मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रात सांगायचं आहे. आक्का त्या सत्राला येणार आहे.